माळ्यावरच्या पाण्याचं भांडण

हेब्बाळच्या रस्त्याला आमचा प्लॉट मिळाला तेव्हा तिथे बाभळी, दगड आणि दूरवर तळ्याची एक चकाकती रेघ याखेरीज काही नव्हतं. माझे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी कारखान्याची बस गाठायची आणि दिवे लागायच्या सुमारास परतायचं, असा त्यांचा दिवस. शिवाय ते पुण्याचे. कन्नड म्हणून त्यांना 'सरी' म्हणजे ठीक आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, एवढे दोनच शब्द येत आणि तेवढ्यावर ते अख्खा बाजार निभावून नेत. मी बेळगावची. घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेत दोन्ही. तेव्हा बांधकामाकडे बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, इतकी खूश मी आयुष्यात क्वचितच झाले असेन. यांचा डबा भरला की मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घराला कुलूप लावायचं, छत्री घ्यायची आणि बसने थेट साइटवर. भिजवलेल्या चुन्याचा वास, कापलेल्या सागाचा वास, दगड घडवणाऱ्यांची टकटक. दारं-खिडक्या नसलेल्या त्या घरात मी पदर खोचून या खोलीतून त्या खोलीत हिंडत असे आणि इथे पलंग, इथे देव, इथे शिवणाचं मशीन, असं मनात मांडत असे.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि स्लॅबपुरतं मिळेल याची काही शाश्वती नव्हती. म्हणून छप्पर मंगळुरी कौलांचं करायचं आणि त्याखाली सामानासाठी लाकडी माळा, असं ठरलं.

त्याच सुमारास एका रविवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या एका घराचा माळा पेटला. करवंट्या, जुन्या गाद्या, सरपण असं सगळं तिथे कोंबलेलं. माणसं वेळेवर बाहेर आली, पण कौलं तडातड फुटून रस्त्यावर पडत होती आणि आम्ही हातोहात पोचवलेल्या बादल्यांचं पाणी वाशांपर्यंत जातच नव्हतं. अर्धं पाणी फेकणाऱ्याच्याच अंगावर यायचं. शेवटी छप्पर गेलंच. घरी आल्यावर हे काजळलेल्या हातांनी तसेच खुर्चीत बसले.

"खालून वर पाणी फेकायचं म्हणजे आपण आधीच हरलो," ते म्हणाले. "पाणी वरच असायला हवं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कारखान्याच्या रंगकामाच्या विभागात छताखाली पाण्याचे नळ फिरवलेले असतात. त्या नळांना खाली तोंड करून छोटे पितळी फवारे बसवलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी मऊ धातूचं बूच. भोवतालची हवा फार तापली की बूच वितळून निखळतं आणि पाणी सुरू होतं. ते सुरू करायला माणूस लागत नाही.

"घराला कोणी बसवतं का असं?" मी विचारलं.

"मला तरी माहीत नाही. आपण बसवू."

एक जुनी कापडगिरणी मोडीत निघाली होती. तिथून यांनी असे फवारे पिशवीभर आणले. त्यातला एक मी पातेल्यात पाणी घालून स्टोव्हवर ठेवला. पाणी उकळीला आलं तसं आत टण्‌कन आवाज झाला आणि बूच पातेल्याला आपटलं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. त्या क्षणी मला ती कल्पना पटली. यांच्यापेक्षा काकणभर जास्तच पटली असेल.

पण कल्पना पटणं वेगळं आणि ती तीन कारागिरांच्या गळी उतरवणं वेगळं.

पहिले होते आचारी. आमच्याकडे आचारी म्हणजे स्वयंपाकी, पण तिकडे कन्नडमध्ये सुताराला आचारी म्हणतात. 'उद्यापासून आचारी येणार' असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा यांनी 'इतक्यात कशाला, वास्तुशांतीला अवकाश आहे' असं म्हटलं होतं. आचारी साठीच्या घरातले, उंच, कानावर पेन्सिल. त्यांनी छपराच्या तुळया चढवल्या त्या दिवशी प्रत्येक तुळईला हळदकुंकू लावलं होतं. दुसरे नळवाले मिस्त्री. कंटोन्मेंटकडचे, दखनी बोलणारे, गोलमटोल आणि कमालीचे चपळ. त्यांच्या तोंडचं 'नक्को' ऐकलं की मला उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटायचं. तिसरे विजेचं काम करणारे, जाड चष्म्याचे, अबोल गृहस्थ. त्यांना सगळे वायरमन म्हणत.

टाकी परसात दगडी खांबांवर चढवली होती, छपराच्या कण्याहूनही चांगली उंच, म्हणजे पाण्याला जोर यावा. तिथून नळ माळ्यावर यायचा. एके सकाळी मी साइटवर पोचले तर काम बंद. आचाऱ्यांनी करवत, रंधा, पटाश्या सगळं पोत्यात भरलं होतं आणि ते खडीच्या ढिगावर बसले होते. वर जाऊन पाहिलं तर मधल्या तुळईच्या अंगात नळ बसेल एवढी खाच पाडलेली, आणि नळवाले मिस्त्री त्या खाचेत, सांधा गळू नये म्हणून ताग आणि सफेदा लावलेला नळ बसवून पाहत होते.

दोघंही कन्नड उत्तम बोलत. दोघांना एकमेकांची भाषाही येत होती. पण त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलेनासे झाले. समोरासमोर उभं राहून बोलायचं ते मला.

"अक्का, त्यांना विचारा, तुळई म्हणजे काकडी आहे का?" आचारी म्हणाले. "अख्ख्या कौलांचं ओझं तिच्यावर आहे. तिला कापून हे पाणी नेणार?"

"बाई, त्यांना सांगा," मिस्त्री म्हणाले, "नळाला उतार लागतो. मध्येच उंचवटा आला की पाणी साचणार, नळ गंजणार. मग वर्षभराने शिव्या मलाच."

"नळ वरून न्या म्हणावं."

"वरून न्यायला वर त्यांचे वासे आहेत म्हणावं."

"वासे माझे नाहीत, घराचे आहेत."

"मग नळ काय माझ्या सासऱ्याचा आहे?"

मी दोघांच्या मध्ये उभी, मान या बाजूला, मग त्या बाजूला. संध्याकाळी हे आले तेव्हा सगळं मराठीत सांगितलं, फक्त काकडी आणि सासरा वगळून. यांनी कागदावर रेघा मारल्या, तुळईचं गणित केलं आणि सांगितलं, आचाऱ्यांचं बरोबर आहे, तुळई कापायची नाही. थोड्या वेळाने उताराचं गणित केलं आणि सांगितलं, मिस्त्रींचंही बरोबर आहे.

"मग करायचं काय?" मी म्हटलं.

"तेच तर," असं म्हणून हे जेवायला बसले.

मला काही चैन पडेना. भाताला फोडणी देताना सहज वर लक्ष गेलं. आमच्या भाड्याच्या घरात पूर्वी चूल होती. भिंती दरवर्षी चुन्याने पांढऱ्या व्हायच्या, पण छपराच्या अगदी टोकाला, आढ्याला, धुराची काळी पट्टी तशीच होती. धूर जिथे साचतो तिथेच ऊब साचणार. मग फवारे तुळईच्या उंचीवर हवेतच कशाला? आढ्याखालून सरळ एक नळ न्यायचा, शेवटी किंचित उतरता. तुळईला हात लागत नाही आणि वासेही आडवे येत नाहीत. मी पळीनेच भिंतीवर छप्पर काढून दाखवलं. हे घास हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या त्यांना तूच सांग. मी सांगितलं तर दोघं माझ्यावर रागावतील."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. आचारी बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले आणि 'सरी' म्हणाले. मिस्त्रींनी दोरी ताणून उतार पाहिला आणि मान डोलावली. माझ्या अंगात असा काही उत्साह संचारला की वाटलं, आता उद्याच वास्तुशांत.

पण नळ लटकायचा कशावर? आढ्याला लाकडी बैठका ठोकायच्या, त्यांत नळ टेकवायचा आणि वरून लोखंडी पट्टी आवळायची. बैठका लाकडाच्या, म्हणून आचाऱ्यांच्या. नळ पाण्याचा, म्हणून मिस्त्रींचा. इथवर ठीक. पट्टी मात्र नळाला मिठी मारणारी आणि तिचे स्क्रू लाकडात जाणारे.

"लाकडात स्क्रू जातो ते माझं काम," आचारी म्हणाले. "उद्या लाकूड चिरलं तर नाव माझं जाईल."

"पट्टी सैल राहिली आणि सांधा गळला तर नाव कोणाचं जाईल, त्यांना विचारा," मिस्त्री म्हणाले.

दोघंही खाली उतरले. एकाने विडी पेटवली, दुसऱ्याने पानाचा डबा उघडला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग आचाऱ्यांच्या पोत्यातून स्क्रूड्रायव्हर घेतला, मिस्त्रींच्या डब्यातून पट्ट्या घेतल्या, पदर कमरेला घट्ट आवळला आणि शिडी चढले.

"अक्का, कुठे निघालात?" आचारी उठून उभे राहिले.

"पट्ट्या लावायला. लाकूडही माझं, पाणीही माझं. स्क्रू माझे मी लावते."

पहिल्या पट्टीला माझ्या तळहाताला फोड आला. दुसरी वाकडी बसली. तिसरीला खालून आचाऱ्यांचा आवाज आला, "आधी गिरमिटाने स्वल्प भोक पाडा, मग स्क्रू सहज जाईल." लगेच मिस्त्रींचा, "बाई, फार आवळू नक्को." पाहिलं तर दोघं शिडीच्या दोन बाजूंना माना वर करून उभे. एक मला गिरमीट देत होता, दुसरा शिडी धरून ठेवत होता. सगळ्या पट्ट्या मी लावल्या. साग चिरत जाणाऱ्या स्क्रूची ती करकर अजून माझ्या हाताला आठवते.

आणखी एक भांडण शिल्लक होतं, ते मात्र मला क्षुल्लक वाटलं. माळ्यावर रंध्याच्या ढलप्यांचा ढीग झाला होता. आचारी म्हणत, मिस्त्रींचं काम संपलं की एकदाच झाडू, नाहीतर ते पुन्हा घाण करणार. मिस्त्री म्हणत, लाकडाची घाण माझी नाही. मग वायरमन आले. तारांचे सांधे डाग देऊन जोडायला त्यांनी रॉकेलचा ब्लो-लॅम्प, म्हणजे ज्योतीचा झोत फेकणारा दिवा, आणला होता. ते म्हणाले, मी काही झाडूवाला नाही. वीज अजून आली नव्हती, पण तारा आधी ओढून ठेवायच्या होत्या.

त्या दिवशी नळाच्या सांध्यांची परीक्षा होती. सकाळपासून दोन गडी विहिरीवरच्या पंपाचा दांडा मारून टाकी भरत होते. टाकी भरली. मिस्त्रींनी टाकीजवळचा कॉक उघडला आणि आम्ही सगळे माळ्यावर नळाकडे डोळे लावून बसलो. एकही सांधा पाझरला नाही. मिस्त्री खुशीत आचाऱ्यांकडे बघून, पण मला म्हणाले, "बघा बाई, थेंब नाही."

"लाकूड सरळ आहे म्हणून," आचारी छताला म्हणाले.

मी सगळ्यांसाठी कॉफी ओतायला खाली आले. फिरकीच्या तांब्याचं झाकण फिरवत होते, इतक्यात वरून वायरमनची हाक आली. शब्द कळले नाहीत, आवाज कळला. पाठोपाठ सुक्या लाकडाचा तो गोडसर वास. जिन्याच्या तोंडाशी आले तर वर नारिंगी उजेड. ब्लो-लॅम्प कलंडला होता आणि ढलप्यांनी पेट घेतला होता. आचारी पोत्याने झोडपत होते, पण झोडपलं की पेटत्या ढलप्या उडून पलीकडे पडत. मला गल्लीतलं ते घर आठवलं.

मग टण्‌ असा आवाज झाला. माझ्या पातेल्यात झाला होता तसाच.

पुढचं मी कधी विसरणार नाही. आढ्याखालून पाण्याची छत्री उघडली. नुसती धार नव्हे, गोल, रुंद, घुमणारी छत्री. आग फसफसली, पांढरी वाफ सगळीकडे भरली आणि बघता बघता नारिंगी उजेड नाहीसा झाला. वर तिघं माणसं चिंब होऊन उभी. वायरमनचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. मिस्त्री हात वर करून त्या पाण्याखाली उभे होते आणि हसत होते. मीही जिन्यात उभी राहून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराने की कशाने, कोण जाणे.

"चाललं," मिस्त्री म्हणाले. आणि प्रथमच सरळ आचाऱ्यांना म्हणाले, "आचारी, चाललं बघा."

"चाललं ते दिसतंय," आचारी म्हणाले. "आता थांबवा."

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आग विझली होती, पाणी थांबायचं नाव घेत नव्हतं. बूच वितळून गेलं होतं, फवारा आता टाकी रिकामी होईपर्यंत चालणार. आणि पाणी पडत होतं माळ्याच्या तळाच्या त्या फळ्यांवर, ज्या आचाऱ्यांनी महिनाभर खपून गुळगुळीत केल्या होत्या. मिस्त्री जिन्याकडे धावले, ओल्या ढलपीवरून पाय घसरला आणि गुडघ्यावर आपटले. आचाऱ्यांनी त्यांना काखेत धरून उचललं, पण त्यांना पाय टेकता येईना.

कॉक टाकीजवळ होता. मी परसाकडे धावले. टाकीला लोखंडी शिडी होती, सरळसोट, आणि मी तोवर तिच्यावर कधी चढले नव्हते. चपला काढल्या, साडीचा काचा मारला आणि चढू लागले. खाली बघायचं नाही एवढंच ठरवलं होतं. वर पोचले तेव्हा वारा असा होता की पदर झेंड्यासारखा फडफडत होता. कॉक घट्ट बसला होता. एका हाताने शिडी धरून तो फिरेना. तेव्हा शिडीत कोपर अडकवलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. आधी काहीच झालं नाही. मग एकदम सैल झाला, फिरला, आणि नळातली घरघर माझ्या तळव्याखाली हळूहळू थांबली.

तिथून हेब्बाळचं तळं पहिल्यांदाच पूर्ण दिसलं. निळंभोर, काठाला पांढरे पक्षी. उतरायला हवं होतं, तरी मी जरा वेळ तिथेच राहिले.

खाली आले तर भांडण पुन्हा सुरू झालेलं.

"आगीने वीतभर लाकूड जाळलं असतं," आचारी म्हणत होते. "यांच्या पाण्याने सगळा माळा फुगवला."

"वीतभर? छप्पर गेलं असतं छप्पर," मिस्त्री गुडघा धरून म्हणाले. "आणि ढलप्या कोणाच्या होत्या?"

"दिवा कोणाचा होता?"

मग दोघांनी एकदमच वायरमनकडे पाहिलं. ते बिचारे ओल्या सदऱ्याने चष्मा पुसत होते. या एका मुद्द्यावर आचारी आणि मिस्त्री यांचं पूर्ण एकमत झालं, आणि पुढे बराच वेळ ते एकमेकांना दुजोरा देत वायरमनना बोलत राहिले. वायरमननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडू आणा. मी झाडतो." शेवटी ओल्या काळ्या ढलप्या तिघांनी मिळून खाली उतरवल्या.

संध्याकाळी हे आले. मी फाटकातच सगळं सांगितलं, एका दमात. ऐकताना त्यांचा चेहरा आधी उतरला, मग उजळला, आणि टाकीचा भाग आला तेव्हा पुन्हा उतरला. डबा माझ्या हातात देऊन ते सरळ माळ्यावर गेले. काळवंडलेला तो तुकडा, वर उघडा पडलेला फवारा, सगळं बोटांनी चाचपून पाहिलं. खाली आल्यावर मिस्त्रींना म्हणाले, "कॉक खाली पाहिजे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर. हिचा हात पोचेल तिथे." हे मराठीतच म्हणाले, पण मिस्त्रींना कळलं.

फुगलेल्या फळ्या काढून, उन्हात दगडांखाली दाबून ठेवून, पुन्हा रंधून बसवाव्या लागल्या. मिस्त्री लंगडत आले आणि फळ्यांची दुसरी बाजू धरायला उभे राहिले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. आचाऱ्यांनी जड टोक स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॉकसाठी भिंतीत लाकडी चौकट लागणार होती. ती आचाऱ्यांनी केली आणि तिचे स्क्रू मिस्त्रींना लावू दिले. तेव्हा मी मुद्दाम तिथून बाजूला झाले.

वास्तुशांतीला पुण्याहून सासूबाई आल्या, बेळगावहून माझे आईवडील आले. तिन्ही कारागीर धुवट कपडे घालून पंगतीला बसले. सासूबाईंना माळ्यावरचे फवारे दाखवले तर त्यांनी विचारलं, "आणि उगाच सुरू झालं तर?" यांनी मऊ धातूचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि आपलं अंथरूण माळ्याखालून हलवून ओसरीवर घातलं. त्या राहिल्या तितके दिवस तिथेच झोपल्या.

आमच्यानंतर त्या रस्त्याला घरं भराभर उठू लागली. माळ्यावर फवारे दुसऱ्या कोणी बसवले नाहीत. लोक येऊन बघत, मान डोलवत आणि आपल्या घरी जाऊन पंखे बसवत. पण आमच्या आगीची गोष्ट आचारी आणि मिस्त्री जिथे जातील तिथे सांगत. त्यात प्रत्येक वेळी ज्वाळा जरा उंच होत आणि टाकीची शिडी जरा लांब. त्याचा एक परिणाम झाला. कोणाच्या बांधकामावर गवंडी आणि सुताराचं वाजलं, किंवा नळवाला आणि वायरमन एकाच भिंतीसाठी अडून बसले, की मालकीणबाई आमच्या फाटकाशी येत. "अक्का, जरा येता का? दोघं बोलत नाहीत."

मी हातातलं काम टाकून निघत असे. चपला पायात सरकवेपर्यंतही दम नसायचा.